निरगाठीच्या पोटल्या

ऑक्टोबरचे शेवटचे दिवस आले की शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या गल्लीतली शहाणीसुरती माणसं हॅलोवीनसाठी स्वतःच्याच अंगणात थर्माकोलची थडगी उभी करतात. एरवी गवताची एक काडी वाकडी झाली तर अस्वस्थ होणारे समोरचे आजोबा झुडपांवर कापसाची जळमटं पसरून ठेवतात. मेपलची पानं गोळा करून तपकिरी कागदी पिशव्यांत भरलेली असतात. पायऱ्यांवर भोपळे मांडलेले असतात आणि ते खारी कुरतडत असतात. हवेत ओल्या पानांचा आणि थंडीचा मिळून एक वास असतो. नव्या माणसाला हे सगळं फार गोड वाटतं. मला अजून वाटत नाही. वर्षभर ज्या घराची बेल कुणी वाजवत नाही, त्या घराच्या दारात एका संध्याकाळी साठ-सत्तर पोरं तोंडं झाकून येतात आणि आपण हसत हसत त्यांना खाऊ द्यायचा. यात कुठेतरी पाणी मुरतंय असं मला पहिल्या वर्षापासून वाटत आलंय.

गेल्या शनिवारी माझी मुलगी रेवा कॉलेजमधून घरी आली. पहिलंच वर्ष आहे तिचं. येताना नेहमीप्रमाणे मळक्या कपड्यांची भली मोठी पिशवी घेऊन आली आणि ती मशीनसमोर टाकून झोपून गेली. मी पिशवी उघडायला गेले तर नाडीला निरगाठ. एकावर एक अशा तीन. नखं लावून पाहिली, सेफ्टी पिन घालून पाहिली, शेवटी दात लावले. अठरा वर्षांची घोडी झाली, पण साधी सुरगाठ मारता येत नाही हिला, लहानपणापासून अशीच, असं पुटपुटत मी कात्री शोधायला उठले आणि मध्येच थांबले. नऊ वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरातल्या गाठी मला आठवल्या. त्याही अशाच होत्या.

आधी माझ्या स्वभावाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी संशयी आहे. हे मी आईकडून घेतलंय. सांगलीला आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येत, ओटी भरायला ब्लाउजपीस दिला जाई, आणि तो ब्लाउजपीस पुढे कुणाकुणाच्या ओटीत फिरत राही. तो कुणी शिवत नसे. आई प्रत्येक ब्लाउजपीसच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा एक ठिपका करून ठेवायची. तिसऱ्या वर्षी तिचाच एक पिस्ता रंगाचा तुकडा ठिपक्यासकट तिच्या ओटीत परत आला. देणाऱ्या बाईकडे बघून आई गोड हसली आणि घरी आल्यावर वडिलांना म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते?" संशय खरा ठरल्याचा तो आनंद मी आईच्या चेहऱ्यावर पाहिला आणि तो मला फार आवडला.

त्या वर्षी, म्हणजे रेवा नऊ वर्षांची असताना, सप्टेंबरच्या मध्यावर माझ्या नवऱ्याची, अविनाशची नोकरी गेली. आम्ही व्हिसावर होतो. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर घर, गाडी, रेवाची शाळा, सगळं सोडून परत जायचं. हे सांगायला सोपं आहे. त्या साठ दिवसांतला एकेक दिवस घरात कसा वावरत होता ते सांगता येत नाही. आम्ही कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं. रेवाला तर नाहीच. अविनाश रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉप आणि पोळीभाजीचा डबा घेऊन निघायचा आणि गावातल्या लायब्ररीत जाऊन बसायचा. गाडी दिवसा घरासमोर दिसायला नको, म्हणून. संध्याकाळी शिकागोहून ट्रेन येण्याच्या सुमाराला परतायचा. "आज ट्रेन लेट होती," असं तो रेवासमोर म्हणायचा, तेव्हा मी भांडी जोरात घासायचे.

लपवायला लागलं की सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटतं. टपाल टाकणारी बाई जरा थांबली, तर ही पाकिटावरचा मजकूर वाचते आहे का? इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी नोकरीची जाहिरात टाकली, ती आम्हाला उद्देशून का? दुकानात कुणी सहज म्हणालं, "काय, दिसला नाहीत बऱ्याच दिवसांत," की माझ्या मनात पाल चुकचुकायची. यांना कळलंय.

आणि मंजिरी. आमच्यापासून चौथ्या घरातली, नागपूरची. तिची मुलगी रेवाच्याच वर्गात, त्यामुळे सकाळी शाळेत न्यायचं एक आठवडा तिच्याकडे, एक माझ्याकडे. दोघी आल्याचा चहा एकाच पद्धतीने करायचो, इतकी दोस्ती. हॅलोवीनच्या दोन दिवस आधी ती दारात आली आणि म्हणाली, "अगं, सेल होता ना यार, मी चॉकलेटच्या दोन बॅगा एक्स्ट्रा उचलल्या. एक घेतेस का?"

"नको गं, माझी खरेदी झाली सगळी," मी म्हणाले. झाली नव्हती.

ती माझ्याकडे बघत राहिली. "काय गं? सगळं ठीक ना?"

"एकदम मस्त," मी म्हणाले. दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिले. सेल! आमच्या नेहमीच्या दुकानाचं जाहिरातपत्रक मीही बघितलं होतं, त्यात कसलाही सेल नव्हता. हिला कळलंय. हिच्या नवऱ्याला ऑफिसातून कळलं असणार. आता ही मला चॉकलेटं वाटणार, आणि उद्या मंडळात सांगणार की बिचारीला मी मदत केली.

इकडे एक रीत आहे. त्या संध्याकाळी ज्याला खाऊ वाटायचा नाही, त्याने दारावरचा दिवा बंद ठेवायचा. पोरं त्या घराकडे वळत नाहीत. कुणी काही विचारत नाही, कुणी नावं ठेवत नाही. अविनाश म्हणाला, "बंद ठेवू या ना या वर्षी. चॉकलेटच्या पिशव्या काय भाव आहेत बघितलंस?" पण मला दिसत होता तो उजळलेल्या गल्लीतला आमचा एकटा अंधार. नऊ वर्षं दिवा लागला आणि नेमका याच वर्षी लागला नाही, तर कुणाला कळायचं राहील? दिवा लागलाच पाहिजे, असं मी ठरवलं. स्वस्तातल्या स्वस्त बटरस्कॉचच्या गोळ्यांची एक मोठी पिशवी आणली. पिवळ्या कागदातल्या, आजोबा लोक खिशात ठेवतात तशा. पण नुसत्या गोळ्या भांड्यात ओतल्या तर त्यांची किंमत लगेच दिसली असती. मग मला गॅरेजमधलं खोकं आठवलं.

जानेवारीतल्या हळदीकुंकवाला मी सांगलीहून वाणासाठी जरीकाठाच्या शंभर पोटल्या मागवल्या होत्या. थंडीमुळे बायका आल्या तीसेक. पोटल्यांत आईने आधीच हळदकुंकवाच्या पुड्या भरून पाठवल्या होत्या, आणि उरलेल्यांतल्या पुड्या खोक्यात दबून फुटल्या होत्या. मी एकेक पोटली उलटी करून झटकली, ओल्या फडक्याने पुसली, वाळवली. प्रत्येकीत तीन-तीन गोळ्या घातल्या आणि वर सुरगाठ. पुढे टोक ओढलं की सुटणारी, हळदीकुंकवाला मारतो तशी. सत्तर पोटल्या मोठ्या काचेच्या भांड्यात रचल्या तेव्हा मला खरंच बरं वाटलं. गल्लीत कुणाकडे असं काही नसणार. कमी खर्चात इज्जत राखायची कला आम्हाला शिकवायची गरज नाही, असंही मनात आलं. पोटलीच्या आत, शिवणीत, अजून काय अडकून बसलंय हे मात्र मी पाहिलं नाही. इतकी संशयी बाई मी, आणि स्वतःच्या वस्तूंवर संशय घ्यायचं सुचलं नाही.

हॅलोवीनला दुपारपासून भुरभुर बर्फ पडायला लागला. नेपरव्हिलच्या पोरांना त्याची सवय आहे. परी असो की वाघ, वरून जाडजूड जॅकेट. रेवा जोकर झाली होती, माझा जुना कुर्ता आणि नाकाला लिपस्टिक. तिचं जॅकेट मनगटाच्या वर गेलं होतं, पण या वर्षी चालवून घेऊ असं मी तिला सांगितलं होतं. मंजिरी दोन्ही मुलींना घेऊन निघाली. आणि बरोबर पाच वाजता अविनाशचा व्हिडिओ इंटरव्ह्यू होता, कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीचा. बेल वाजून चालणार नव्हती. म्हणून मी भांडं दाराबाहेर स्टुलावर ठेवलं, 'कृपया एकच घ्या' असा कागद चिकटवला, आणि जेवणघराच्या खिडकीच्या पट्ट्यांआड उभी राहिले. तिथून निम्मा ड्राइव्हवे दिसतो आणि स्टुलाची एक बाजू.

आतल्या खोलीतून अविनाशचा आवाज येत होता, इंटरव्ह्यूचा खास आवाज, जरा वरच्या पट्टीतला. बाहेर पोरं येत होती, पोटल्या उचलून बघत होती, "ऊ, फॅन्सी!" असं काहीतरी म्हणत होती. मी एकेकावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होते. गाडीतून उतरलेली दोन पोरं आमच्या गल्लीतली नव्हती, याची मी नोंद घेतली. साडेपाचला अंधारून आलं. मी अविनाशला दाराच्या फटीतून पाण्याचा ग्लास देऊन परत आले, तर स्टुलाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. मोठं काळं जॅकेट, डोक्यावर टोपी ओढलेली, माझ्याकडे पाठ. आणि दोन्ही हात भांड्यात.

मूठमूठ उचलतंय, मेलं! माझा संताप झाला. आम्ही इथे एकेक गोळी मोजून बांधायची आणि यांनी ओंजळीने न्यायची. बेल नको, आवाज नको, म्हणून मी खिडकीची काच बोटाच्या पेराने जोरात वाजवली. ते मूल दचकलं, धडपडत उठलं आणि मागे न बघता पळालं. मी पकडलं, असं मला वाटलं. आईच्या चेहऱ्यावरचा तो आनंद माझ्याही चेहऱ्यावर आला असणार.

सात वाजता रेवा घरी आली, तेव्हा तिच्या अंगात मंजिरीकडचं जॅकेट होतं. काळं. माझं डोकं भलतीकडेच गेलं: म्हणजे आता माझ्या मुलीला कपडेही ही पुरवणार. रेवाने पिशवी जमिनीवर ओतली. त्यात निम्म्याहून जास्त बटरस्कॉचच्या पिवळ्या गोळ्या. "इतकी मोठी घरं आणि देतात काय, तर हे!" मी म्हणाले. मनातून मला थोडं बरंही वाटलं, की यंदा सगळ्यांनीच हात आखडलेत. रेवा गोळ्या परत पिशवीत भरायला लागली. तिच्या कुर्त्याच्या पुढच्या भागावर लाल-पिवळे डाग होते. लिपस्टिक, असं मी समजले.

मग मी भांडं आत आणलं. पोटल्या संपल्याच नव्हत्या. तीसेक शिल्लक होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच पोटल्यांना सुरगाठ नव्हती. निरगाठ होती. कात्रीने एक कापली, तर आतून चॉकलेटं निघाली, चांगल्यातली. दुसरीतही तेच. आधी वाटलं, कुणी विष घातलं. मग कळलं, विषापेक्षा वाईट. कुणीतरी माझ्या गोळ्या काढून त्या जागी चॉकलेटं भरून ठेवली होती, मला न सांगता, माझ्याच दारात येऊन. दोन बॅगा एक्स्ट्रा कुणाकडे होत्या, हे मला माहीत होतं.

आठवड्याने दिवाळी आली. मंजिरी फराळाचा डबा घेऊन आली. तिचे तिखट शंकरपाळे रेवाला फार आवडायचे. मी डबा घेतला, दारातच आभार मानले. दोन दिवसांनी घासूनपुसून परत दिला. रिकामा. ज्या घरात मी वाढले, तिथे शेजारणीचा डबा रिकामा परत करण्यापेक्षा तिच्याशी सरळ भांडलेलं परवडायचं. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मंजिरीने झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाली, "बरं." त्यानंतर शाळेत न्यायचं आम्ही आपापलं करायला लागलो.

अविनाशला नोकरी मिळाली, त्या इंटरव्ह्यूतून नाही, त्याच्या पुढच्यातून, साठ दिवस भरायला थोडेच उरले असताना. पुढे ग्रीन कार्ड आलं. दारावर रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा आला. मी दर वर्षी दुकानातली बंद वेष्टनातली मोठी चॉकलेटं वाटते. मंजिरी आणि मी गणपतीत भेटतो, साडी छान आहे म्हणतो. नऊ वर्षं हे असं चाललं आहे.

तर शनिवारी शेवटी मी ती नाडी कापली आणि तिचा तुकडा हातात घेऊन रेवा उठायची वाट बघत बसले. उठून ती कॉफी करायला आली तेव्हा विचारलं. "त्या वर्षी पोटल्यांना गाठी तू मारल्या होत्यास?"

"आई," ती म्हणाली, "यू आर आस्किंग मी नाऊ?"

मग तिने सांगितलं, निम्मं इंग्लिशमध्ये, कपात बघत. कोपऱ्यावरच्या टपालपेट्यांशी दोन-तीन आया टॉर्च लावून पोरांच्या पिशव्या तपासत होत्या. आमच्या पोटल्या घरी बांधलेल्या, वर दुकानाचं बंद वेष्टन नाही, आणि उघडल्या की बोटांना लाल-पिवळी पूड लागायची. त्या बायांनी पोटल्या वास घेऊन घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकायला सुरुवात केली. कुठल्या घरातून मिळालं, असं पोरांना विचारायला लागल्या. एक जण म्हणाली, पोलिसांना फोन करायला हवा.

"मला माहीत होतं, बाबाचा जॉब नाहीये," रेवा म्हणाली. "घरी येताना स्कूल बसमधून दिसायचा ना तो. लायब्ररीच्या मागे, कारमध्ये बसून डबा खायचा. सो आय थॉट, पोलीस आले तर आपल्याला जावं लागेल इंडियाला."

नऊ वर्षांची होती ती.

"मग?"

"मग मंजिरी मावशी पुढे गेली. म्हणाली, दोज आर माइन. इट्स जस्ट टर्मरिक. तिने सॉरीपण म्हटलं त्यांना. त्या बाई तिच्याशी खूप रूड होत्या, आई. मग मावशीने डब्यातून सगळ्या पोटल्या काढल्या, तिच्या पर्समध्ये भरल्या."

पुढचं मला कळत गेलं, तरी ती सांगत राहिली. त्या दोघींनी कडेला बसून पोटल्या कुर्त्याला पुसल्या. माझ्या गोळ्या रेवाने स्वतःच्या पिशवीत घेतल्या आणि स्वतःला मिळालेली चॉकलेटं पोटल्यांत भरली, म्हणजे आता कुणी टाकणार नाही. आणि आईला भांडं इतक्यात रिकामं दिसणार नाही, किंवा आपल्या पोटल्या कचऱ्यात दिसणार नाहीत, म्हणून त्या परत भांड्यात ठेवायला आली.

"अँड यू नॉक्ड ऑन द ग्लास," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला कळलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"मावशी म्हणाली, नको सांगू. आईला वाईट वाटेल. तिला बाबाचं आधीच माहीत होतं."

मी सिंककडे तोंड करून उभी राहिले. माझा संशय खोटा नव्हता, हेच मला सोसत नव्हतं. मंजिरीला कळलं होतं. पोटल्यांत तिचा हात होता. सगळं बरोबर ओळखलं होतं मी, आणि तरी एवढ्या मोठ्या चुकीत नऊ वर्षं काढली. माझ्या नावाचा अपमान तिने भर रस्त्यात आपल्या अंगावर घेतला, आणि आठवड्याने शंकरपाळे घेऊन माझ्या दारात आली. तिला मी काय दिलं?

काल हॅलोवीन होता. या वर्षी बर्फ नव्हता, नुसता वारा. दुपारी मी तिखट शंकरपाळे केले, डब्यात भरले आणि अंधार पडताना निघाले. चार घरांचं अंतर, पण वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. मंजिरीच्या दारात पोरांची रांग होती. मी एका डायनोसॉरच्या मागे उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा तिच्या हातात चॉकलेटचं भांडं होतं. तिने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्याही डोळ्यांत संशय होता. असायलाच हवा होता.

"काय गं?" ती म्हणाली. "सगळं ठीक ना?"

"नाही," मी म्हणाले. "तेव्हाही नव्हतं. त्या पोटल्या... मला परवा कळलं, मंजिरी. चुकले मी." मागे एक चेटकीण आणि तिचा बाबा ताटकळत उभे होते.

तिने माझा हात धरून मला आत ओढलं, चेटकिणीला चॉकलेट दिलं, दार लोटलं. "तुझ्या आईची हळद फार बारीक होती गं," ती म्हणाली. "ती पर्स मी तीन वेळा धुतली. अजून पिवळीच आहे."

आम्ही उभ्या उभ्याच रडलो. मध्ये दोनदा बेल वाजली, तेव्हा तिने डोळे पुसून दार उघडलं. मग तिने शंकरपाळे एका परातीत काढून घेतले, एक तोंडात टाकला, मीठ कमी आहे म्हणाली. मी निघताना डबा मागितला तर तो तिच्या हातातच होता. चॉकलेटच्या भांड्यातून ती ओंजळी भरभरून त्यात घालत होती, झाकण लागेना इतकी.

"रिकामा डबा परत द्यायची आमच्याकडे पद्धत नाही," मंजिरी हसत म्हणाली.

तो टोमणा होता की नव्हता, हे मी वाटभर शोधू शकले असते. मी डबा दोन्ही हातांनी धरला आणि घरी आले.